हौद्यात कोण बसतं?

पिंपळीत कुणी "गाडी आली का?" असं विचारलं, तर हल्ली बहुतेक वेळा त्याला पिकअप म्हणायची असते. कारला आम्ही कार म्हणतो, एसटीला एसटी, ट्रॅक्टरला ट्रॅक्टर. नुसती 'गाडी' म्हणजे ती पांढरी, पुढे दोन-तीन माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली. शब्द असा एखाद्या वस्तूकडे सरकला की समजावं, ती वस्तू आता घरातली झाली.

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की शहर संपता संपता आमचं गाव लागतं. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, त्यावरचा ऊस, उसाच्या अधेमधे तरकारी. तसंच पुढे गेलं की काटेवाडी, भवानीनगर आणि मग इंदापूर तालुक्यातली डाळिंबं, द्राक्षं, पेरू. या पट्ट्यात पिकअपचा एक दिवस कसा जातो ते बघा. रात्री टोमॅटोचे क्रेट भरून ती पुण्याच्या मार्केट यार्डाकडे निघते. पहाटे तिथं रिकामी होते. परत येताना खताच्या गोण्या नाहीतर ठिबकच्या नळ्यांची बंडलं. दुपारी बाजाराच्या शेळ्या. संध्याकाळी कुणाच्या लग्नाचा मंडप, भांडी, खुर्च्या. रविवारी शर्यतीचा बैल. आणि या सगळ्याच्या मधल्या फटीत, सकाळी सातला, खुरपणीला निघालेल्या बायका.

हा लेख त्या फटीबद्दल आहे. पण आधी गाडीबद्दल चांगलं बोलायला हवं, कारण ते खरं आहे.

मराठी माणसाला छोट्या मालगाडीचं प्रेम नवं नाही. 1958 साली नवलमल फिरोदिया यांनी बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली आणि हॅम्बर्गच्या 'टेम्पो' या कंपनीच्या तंत्रावर तीनचाकी मालवाहू गाड्या बनवायला घेतल्या. गाडी इतकी पसरली की कंपनीचं नाव जातिवाचक झालं. चार चाकं असोत की सहा, गाडी कुठल्याही कंपनीची असो, आपण तिला टेम्पो म्हणत राहिलो. 2005 साली कंपनीनं स्वतःचं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, पण भाषेतला टेम्पो तसाच राहिला. त्याच वर्षी टाटांची एस आली आणि लोकांनी तिचं बारसं करून टाकलं, 'छोटा हत्ती'. आणि आमच्या बारामतीच्या एमआयडीसीत तर पियाजिओच्या तीनचाकी 'आपे' बनतात. आपे म्हणजे इटालियन भाषेत मधमाशी. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इटलीत, 1948 साली, खिशात पैसे नसलेल्या दुकानदारांसाठी ती जन्माला आली. तिचे मराठी वंशज आज मंडईच्या दारात उभे असतात.

बैलगाडी, टेम्पो, आपे, छोटा हत्ती, पिकअप. या क्रमातली प्रत्येक पायरी शेतकऱ्याला दुसऱ्यावर थोडं कमी अवलंबून ठेवते. ज्याच्याकडे चाळीस क्रेट माल आहे, त्याला पूर्वी मोठा ट्रक भरेपर्यंत थांबावं लागायचं, किंवा दारात आलेला व्यापारी म्हणेल तो भाव घ्यावा लागायचा. आता तो फोनवर भाव बघतो आणि ठरवतो, आज पुणं की वाशी. दीड-पावणेदोन टन माल घेणारी गाडी पाणंदीतून बांधापर्यंत जाते, मोठा ट्रक जात नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं स्पष्ट केलं की, हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला साडेसात टनांच्या आतली मालगाडी चालवायला वेगळा परवाना लागत नाही. म्हणजे कारचा परवाना काढलेला पोरगा पिकअपही चालवू शकतो. नोकरीची वाट बघून थकलेल्या कितीतरी पोरांनी हप्त्यावर पिकअप घेतली आणि पहिल्यांदा 'माझा धंदा' हा शब्द उच्चारला. मागच्या काचेवर आईवडिलांचं नाव आणि खाली 'नादखुळा'. त्याला हसणं सोपं आहे. पण हौद्यावर ताडपत्री ओढून, दोर आवळून रात्री अकराला एकट्यानं निघणाऱ्या पोराचा तो अभिमान खरा असतो.

जगातही छोट्या आणि मध्यम पिकअपचं वेड वाढतंय. टोयोटाची हायलक्स 1968 पासून जगभर फिरते आहे, ती 2022 साली भारतात आली. त्याआधी 2016 साली इसुझूची व्ही-क्रॉस आली होती. अगडबंब ट्रकांची सवय लागलेल्या अमेरिकेत फोर्डनं 2021 साली मॅव्हरिक नावाची आटोपशीर पिकअप काढली. तिकडे पिकअपवर टीका करणाऱ्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो: मागे काही न्यायचं नसताना एवढा रिकामा हौदा घेऊन कशाला फिरता? आमच्याकडे हा प्रश्न कुणाला पडणार नाही. आमचा हौदा रिकामा राहतच नाही. आमच्याकडे विचारायचा प्रश्न वेगळा आहे. भरलेल्या हौद्यात कोण बसलंय?

पिकअपचं सगळ्यात मोठं आकर्षण हे की तिचा हौदा काही विचारत नाही. कारला सीट असते, सीटला पट्टा असतो, त्यामुळे कार आधीच सांगून ठेवते की इथे माणूस बसणार. हौदा म्हणजे लोखंडी पत्रा. त्याच्यावर क्रेट ठेवा, शेळी बांधा, डीजेचे स्पीकर रचा. त्याला सगळं सारखं. हीच त्याची सोय आणि हाच त्याचा धोका. गाडी फरक करत नाही, म्हणून फरक करायचं काम चालवणाऱ्यावर आणि भरणाऱ्यावर येऊन पडतं.

आणि आम्ही फरक करतो बरं का. शर्यतीचा बैल पिकअपमध्ये कसा चढवतात ते एकदा नीट बघा. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली, मे 2023 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि तेव्हापासून नामांकित बैलांचा पिकअपमधला प्रवास हे इकडचं नेहमीचं दृश्य आहे. खाली भुसा नाहीतर मॅट. पाय घसरू नये म्हणून आडव्या पट्ट्या. बाजूला गाद्या किंवा पोत्यांची गुंडाळी. सोबत एक माणूस, बैलाच्या मानेवर हात ठेवून उभा. आणि ड्रायव्हरला सतत सूचना: "हळू घे रं, गतिरोधक हाय." लाखांचा बैल आहे, काळजी घ्यायलाच हवी.

शेळ्यांचीसुद्धा सरकारनं सोय लावलेली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2015 साली एक भर पडली. जनावरं नेणाऱ्या गाडीत प्रत्येक जनावराला किमान किती जागा हवी, ते त्यात लिहिलं आहे. गाय किंवा म्हैस असेल तर दोन चौरस मीटर. घोडा असेल तर सव्वादोन. शेळी किंवा मेंढी असेल तर 0.3 चौरस मीटर. कोंबडीलासुद्धा चाळीस चौरस सेंटिमीटर. नियम किती पाळले जातात तो भाग वेगळा. पण कुणीतरी बसून शेळीला किती जागा लागते याचा विचार केला, हे महत्त्वाचं.

आता एक साधं गणित करू. पिकअपचा हौदा नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद धरला, तर साधारण साडेचार चौरस मीटर जागा होते. या नियमानं त्यात पंधरा शेळ्या मावतात. त्याच हौद्यात सकाळी सातला तीस बायका उभ्या असल्या, तर एका बाईच्या वाट्याला शेळीच्या निम्मी जागा येते. बाईला किती जागा द्यायची याचा आकडा मात्र नियमात सापडत नाही. तो असणारही नाही, कारण मालगाडीच्या हौद्यात बाई प्रवासाला बसलेली आहे, हेच कायद्याला मान्य नाही. आरसी बुकात माणसांसाठी जागा असते ती केबिनमधली, ड्रायव्हर धरून दोन किंवा तीन.

विम्याचं प्रकरण याहून अवघड आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात 1994 साली एक दुरुस्ती झाली आणि मालगाडीच्या सक्तीच्या विम्याच्या संरक्षणात 'मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी' आला. गाडीमालकाच्या पगारावरचा ड्रायव्हर, हमाल यांनाही कामगार भरपाईच्या कायद्याप्रमाणे मर्यादित संरक्षण असतं. पण बाकीचे? मालगाडीतल्या इतर प्रवाशांची जबाबदारी सक्तीच्या विम्यावर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2002 मध्ये सांगितलं. 1994 च्या दुरुस्तीनंतरही तसंच आहे, हे जानेवारी 2004 मध्ये आणखी स्पष्ट केलं. मालाच्या मालकानंसुद्धा केबिनमध्येच बसायला हवं, असंही पुढे एका निकालात आलं. काही प्रकरणांत न्यायालयांनी मधला मार्ग काढला: विमा कंपनीनं आधी जखमींना पैसे द्यावेत आणि मग ते गाडीमालकाकडून वसूल करावेत. म्हणजे शेवटी बिल जातं ते हप्ते फेडणाऱ्या त्या पोराच्या दारात.

याचा साध्या भाषेत अर्थ असा. टोमॅटोचा मालक टोमॅटोसोबत केबिनमध्ये बसून बाजाराला निघाला, तर कायदा त्याला ओळखतो. तो टोमॅटोचा माणूस आहे. पण ज्या बाईनं दिवसभर वाकून ते टोमॅटो तोडले, ती मुकादमाच्या टोळीतली. ती मालाची मालक नाही, गाडीमालकाची नोकरही नाही. कायद्याच्या पुस्तकात तिच्यासारख्यांसाठी जो शब्द येतो, त्याचं मराठी होतं 'फुकट प्रवासी'. ती खरंच फुकट असते का? तिला कुणी फिरायला नेत नाही. तिच्या हाताची गरज आहे म्हणून गाडी तिच्या वस्तीवर जाते. ती बसली नाही तर त्या दिवशी मार्केट यार्डाला काही जाणार नाही.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग हे बंद का करत नाहीत? पोलिसांनी पावत्या फाडाव्यात, विषय संपला. मला हे उत्तर पटत नाही, आणि हौद्यात बसणाऱ्या बायकांनाही पटत नाही. आमच्या वस्तीवरच्या एका मावशींना मी सहज विचारलं होतं, मागं बसून जायची भीती वाटत नाही का? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी शहरात जास्त राहिलोय.

"गाडी हाय म्हणून काम हाय, दादा. नायतर एवढ्या लांबनं आमाला कोण बोलीवतंय? गावातल्या गावात रोज कुठं मिळतोय?"

त्यांचं म्हणणं चूक नाही. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पण एसटी डांबरी रस्त्यानं जाते आणि वावर चारीच्या कडेला असतं. सकाळी सातला कुठलीही एसटी कुणाच्या टोमॅटोच्या प्लॉटवर थांबत नाही. पिकअपनं या बायकांचं जग दहा-पंधरा किलोमीटरनं मोठं केलं. एका गावातला एकच बागायतदार देईल तो रोज घ्यायचा, ही सक्ती त्यामुळे सैल झाली. ज्या गाडीनं शेतकऱ्याला व्यापाऱ्यापासून थोडं मोकळं केलं, तिनंच मजूर बाईला गावातल्या मालकापासून थोडं मोकळं केलं. ती बंद करा म्हणणं म्हणजे तिला पुन्हा त्याच बांधावर नेऊन उभं करणं.

मग दुसरा युक्तिवाद येतो: बाया स्वखुशीनं बसतात, कुणी जबरदस्ती केलेली नाही. पिकअपवाले मित्र हे नेहमी सांगतात आणि प्रामाणिकपणे सांगतात. इथं मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण संमती हा शब्द आपण दोन वेगळ्या प्रश्नांना एकच उत्तर म्हणून वापरतो. पहिला प्रश्न, मी माझ्या जिवाला धोका पत्करू शकते का? याचं उत्तर बाईनं द्यायचं आहे आणि ती ते रोज फाळक्यावर पाय टाकून देते. दुसरा प्रश्न, मी पत्करलेल्या धोक्यातून तुम्ही स्वतःचे पैसे वाचवू शकता का? याचं उत्तर तिची संमती देऊ शकत नाही. तो प्रश्न तिच्यासाठी नाहीच. तो शेतमालकासाठी, मुकादमासाठी, गाडीवाल्यासाठी आहे. तिनं 'हो' म्हटलं म्हणून यांची सुटका होत नाही.

अठराव्या शतकातल्या इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञानं 1785 साली एक भेद मांडला होता. काही गोष्टींना किंमत असते, म्हणजे त्यांच्या जागी तेवढ्याच मोलाचं दुसरं काही ठेवता येतं. माणसाला किंमत नसते, प्रतिष्ठा असते, कारण त्याच्या जागी दुसरं काही ठेवता येत नाही. कांट आयुष्यभर क्योनिग्सबर्ग या आपल्या शहराच्या आसपासच राहिला, त्यानं पिकअप पाहण्याचा प्रश्नच नव्हता. पण हा भेद घेऊन आमच्या हौद्याकडे बघितलं की एक विचित्र गोष्ट दिसते. ज्याला किंमत आहे त्याची काळजी घेतली जाते: बैलाखाली भुसा, क्रेटवर ताडपत्री, शेळीला 0.3 चौरस मीटर. ज्याला किंमत लावता येत नाही, त्याच्यासाठी नुसता पत्रा. बैल पडला तर लाखांचं नुकसान, टोमॅटो चेंगरले तर भाव पडतो. बाई आज पडली तर उद्या टोळीत दुसरी येते. म्हणजे माणसाच्या जागी दुसरं ठेवता येत नाही, हे आपण तत्त्व म्हणून मानतो आणि सकाळी सात वाजता त्याच्या बरोब्बर उलट वागतो.

पण ही नुसती मालक-मजुराची गोष्ट आहे असं म्हणून सुटता येत नाही. 11 ऑगस्ट 2025 हा श्रावणी सोमवार होता. आमच्याच पुणे जिल्ह्यात, खेड तालुक्यातल्या पापळवाडीहून पिकअपमधून बायका कुंडेश्वराच्या दर्शनाला निघाल्या होत्या. घाटाच्या चढावर गाडी मागे आली आणि खाली कोसळली. किमान आठ जणी गेल्या, कितीतरी जखमी झाल्या. त्यांना कुणी मजूर म्हणून भरलेलं नव्हतं. गावच्या बायका, गावची गाडी, देवाचं काम. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नांदेड जिल्ह्यात शेतकामाला निघालेल्या सात स्त्रिया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसह विहिरीत पडून गेल्या. एक वाट देवाची, एक कामाची. दोन्ही वाटांवर माणसं बसली ती मालाच्या जागेत.

म्हणून मला हा निव्वळ तुच्छतेचा प्रश्न वाटत नाही. आपण आपल्या आईलाही हौद्यात बसवतो. जवळच तर जायचंय, एवढ्यानं काय होतंय, सगळेच जातात. ही वाक्यं आपण इतक्या सहज बोलतो, की ती बोलताना आपण काहीतरी ठरवतो आहोत हेही लक्षात येत नाही. मात्र एक फरक उरतो. देवाला जाताना घरचेही मागे बसतात, धोका वाटून घेतला जातो. कामाला जाताना धोका वाटला जात नाही. स्वस्त खेपेचा फायदा सगळ्या साखळीत वर सरकत जातो, शेतमालकाकडे, व्यापाऱ्याकडे, शेवटी शहरातल्या भाजीच्या पिशवीपर्यंत. धोका तेवढा हौद्यातच राहतो.

माणूस आणि सामान यांतला फरक आपल्याला कळत नाही, असंही नाही. आषाढी एकादशीच्या आधी तुकोबांची पालखी बारामतीहून आमच्या पिंपळीवरून पुढे जाते, काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं. त्या दिवसांत रस्त्यावर दिंड्यांचे ट्रक आणि टेम्पो दिसतात, गच्च भरलेले. तंबू, भांडी, शिधा, वळकट्या. थकलेली म्हातारी माणसं कधी त्यात टेकतात. बाकी सामान गाडीत आणि माणसं पायी. चालायचं की बसायचं, हे तिथं ज्याचं तो ठरवतो. थकणारा जीव त्याचा आणि निर्णयही त्याचा. आमच्या रस्त्यावर वर्षातून एकदा हे दिसतं. बाकीचे दिवस सामान ताडपत्रीखाली जपून जातं आणि माणसं उघड्यावर.

जगानं या कोड्याची काही उत्तरं काढली आहेत. थायलंडमध्ये 'साँगथ्यू' नावाच्या पिकअप असतात. नावाचा अर्थ 'दोन रांगा'. हौद्यात समोरासमोर दोन बाकडी, वर छप्पर, धरायला दांडी, चढायला पायरी. ती गाडी लपतछपत माणसं नेत नाही, तिचं कामच माणसं नेणं आहे. दुसरं उदाहरण जरा गमतीचं आहे. अमेरिकेनं 1964 पासून परदेशी हलक्या ट्रकांवर पंचवीस टक्के कर लावला, आणि कारण काय, तर युरोपनं अमेरिकन कोंबडीवर लावलेला कर! तो चुकवायला सुबारू कंपनीनं 1978 च्या सुमारास आपल्या छोट्या पिकअपच्या हौद्यात दोन खुर्च्या बसवल्या. खुर्च्या आहेत म्हणजे ही प्रवासी गाडी, कर कमी. कर वाचवायचा असेल तर हौद्यात खुर्ची बसते. मग जीव वाचवायचा असेल तर का बसू नये, असा प्रश्न मला ते वाचल्यापासून पडलेला आहे.

अर्थात पिकअपच्या हौद्यात बाकडं ठोकलं की ती कायदेशीर प्रवासी गाडी होत नाही. पण पर्याय अगदी नाहीत असंही नाही. चार दारांची, पाच माणसं आत आणि छोटा हौदा मागे असलेली कॅम्परसारखी गाडी आहे. प्रवासी परवाना असलेली वडापची जीप प्रत्येक फाट्यावर उभी असते. मजूर त्यातून न्यायचे तर खर्च वाढतो, हे खरं. किती वाढतो? समजा, वीस बायकांना न्यायला-आणायला जीपच्या जास्तीच्या खेपा धरून सहाशे रुपये जादा गेले. वीस जणींनी दिवसात तीन टन टोमॅटो तोडला. किलोमागे वीस पैसे. बाजारात टोमॅटोचा भाव सकाळ-दुपारमध्ये याच्या कितीतरी पट वरखाली होतो आणि आपण ते निमूट सहन करतो.

वीस पैशांचा हिशोब वावरात बसून मांडला तर छोटा वाटतो, पण तो कुणी द्यायचा यावर गाडी अडते. शेतमालक म्हणतो, मलाच भाव मिळत नाही. मुकादम म्हणतो, उक्तं ठरलंय, त्यात बसत नाही. गाडीवाला म्हणतो, माझा हप्ता आहे. तिघांचंही खरं असू शकतं. डाळिंबाला तेल्या लागलेला शेतकरी, कांद्यात बुडालेला शेतकरी मी जवळून बघतो, त्याला नीतीचे धडे द्यायला माझी जीभ वळत नाही. पण एक गोष्ट दिसते. तिघांनाही परवडत नाही, म्हणून तो खर्च नाहीसा होत नाही. तो चौथ्या माणसाकडे जातो. बाई तो रोज भरते. पैशांत भरत नाही म्हणून कुठल्या वहीत दिसत नाही, एवढंच. आणि ज्या दिवशी दिसतो, त्या दिवशी तो एकदम वसूल होतो.

जे परवडत नाही ते सगळ्यांनी मिळून थोडं थोडं सोसायचं, की सगळ्यात कमी बोलणाऱ्याच्या अंगावर टाकायचं? माझ्यापुरता या लेखातला नैतिक प्रश्न एवढाच आहे. गाडी चांगली की वाईट, हा नाही. गाडी चांगलीच आहे. पुढच्या काही वर्षांत आमच्याकडे विजेवर चालणाऱ्या पिकअपही वाढतील, गावातल्या पोरींच्या हातात स्टिअरिंग येईल, आणि यावीच. पण मजुरीचा दर ठरवताना ज्या दोन मिनिटांत 'चहा कुणाचा, जेवणाची सुट्टी किती' हे ठरतं, त्याच दोन मिनिटांत 'न्यायला काय येणार आणि त्याचे पैसे कोण देणार' हेही ठरू शकतं. ग्रामपंचायतीच्या चार गावांनी मिळून सकाळची एक जीप ठरवणं, ही रॉकेट उडवण्याइतकी अवघड गोष्ट नाही. दहा जणी असतील तिथं तीस चढू न देणं, हे तर आज संध्याकाळपासून जमण्यासारखं आहे.

गावात नवी पिकअप आली की आम्ही सगळे बघायला जातो. चाकाखाली लिंबू ठेवतात, नारळ फुटतो, बोनेटवर हळदी-कुंकवाची बोटं उठतात, पेढे वाटले जातात. पेढा तोंडात असतानाच कुणीतरी हमखास विचारतं, "पासिंग किती?" उत्तर टनांत येतं, आणि ऐकणारा मान हलवून हौद्यावर थाप मारतो. माणसांचं पासिंगही त्याच आरसी बुकात छापलेलं असतं. तो आकडा सगळ्यांना पाठ आहे, म्हणूनच बहुधा तो कुणी विचारत नाही. पुढच्या वेळी पेढा खाताना मी तेही विचारणार आहे.